मृगाआधी सुक्या पानांच्या दोन गोण्या भरून ठेवा

मोसमी पाऊस मुंबई-ठाण्याकडे साधारण ११ जूनला पोचतो. त्याआधी घरी कंपोस्ट सुरू करायचं मनात असेल, तर बादली नंतर आणा, आधी सुकं जमवा. ओल्या कचऱ्याची आपल्याकडे वाण नाही. चौघांच्या घरातून रोज किलोभर साली, देठं, चहाचा चोथा सहज निघतो. टंचाई असते ती सुक्या पाल्याची, आणि एकदा झड लागली की तो कुठेच मिळत नाही. पावसाळ्यात बादली वास मारते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये किंवा शेजारच्या अंबरनाथला अंगण असलेली घरं थोडी, त्यामुळे पानं मागून आणावी लागतात. सोसायटीच्या कोपऱ्यात झाडून ठेवलेला पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला सगळ्यांत चांगला. कुणी पेटवून देण्याआधी तो गोणीत भरा. देशी बदाम, आंबा, पिंपळ यांची पानं जाड असतात, ती हाताने चुरा. रसवंतीची चिपाडं तोडून कडकडीत वाळवली तर चालतात, नारळाच्या शेंड्याही.

फर्निचर बाजारातला भुसा फुकट मिळतो, पण तो प्लायवूड किंवा एमडीएफचा असेल तर घेऊ नका. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. साध्या लाकडाचा असल्यास मूठ-दोन मुठी पुरे, कारण तो फार सावकाश कुजतो. जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्याही नकोत. आणि वालधुनी नदीच्या काठचा गाळ कितीही काळाभोर दिसो, कुंडीच्या जवळपास आणू नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरचे कित्येक रहिवासी रुग्णालयात पोचले होते.

बादली विकत घ्यायची गरज नाही. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या स्वच्छ धुवा, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी चार बोटं शेंड्या. मग ओलं एक वाटी टाकलं की वर सुकं दोन वाट्या, रोज न चुकता. वरून एकही साल दिसता कामा नये. पावसाची सर आत येणार नाही अशी जागा बघा, पण झाकण घट्ट लावू नका. हवा मिळाली नाही की कचरा कुजत नाही, सडतो. उल्हासनगरमधल्या गायकवाड पाड्याच्या डम्पिंग ग्राउंडचा धूर ज्यांनी सोसला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: दाबून बसलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो.

काम वाटून घ्या. माझं मत असं, की जी व्यक्ती स्वयंपाक करते तिच्यावर याचा भार टाकू नये. तिने साली वेगळ्या ठेवल्या की तिचं काम संपलं. चिरणं, टाकणं, झाकणं दुसऱ्याचं. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करणं मुलांकडे द्या. अळ्या दिसल्या तर मुलं सहसा घाबरत नाहीत, मोठीच किंचाळतात. ब्लॅक सोल्जर माशीच्या जाड, करड्या अळ्या कचरा झपाट्याने खातात, त्यांना मारू नका. पण ताटलीत साचलेलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर डासांची सोय होते.

पहिले दोन महिने मासळी, मटण, तेलकट भाजी, उरलेली कढी यांतलं काही टाकू नका. चाळीत उंदीर-घुशी वासाच्या मागावरच असतात. कमलकाकडीची, दुधीची, भोपळ्याची साल बिनधास्त चालते. विरजणाच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. कुणाकडचं मूठभर जुनं कंपोस्ट किंवा बागेतली माती पुरते.

ओल बघायची तर मूठभर घेऊन पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुकं घाला. चुरा झाला तर पाणी शिंपडा. आंबूस वास आला तर सगळं कागदावर पसरून तासभर वाऱ्याला ठेवा आणि दुप्पट पाला मिसळून परत भरा.

पहिली बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. गणपतीतलं निर्माल्य दुसरीत जाईल. दोरा, जर, प्लास्टिकचे मणी मात्र आधी काढा. पहिलीतलं खत दसऱ्याच्या सुमारास काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं होईल. ते चाळा, राहिलेले तुकडे परत बादलीत टाका. एवढ्याशा बादलीत मोठ्या ढिगासारखी उष्णता धरत नाही, म्हणून टोमॅटो-मिरचीचं बी जिवंत राहतं आणि मेथीच्या कुंडीत टोमॅटो उगवतो. नको असेल तर उपटा. एक भाग खत आणि तीन भाग माती असं मिसळून ऑक्टोबरअखेर मेथी, पालक, कोथिंबीर पेरा.