‘सर, काय मारू?’

जुलैत पावसाची झड लागली, की मानवत-पाथरीकडून फोन सुरू होतात. ‘सर, सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?’ गावात शेतीची पदवी घेतलेल्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. उत्तर जिभेवर तयारच असतं. ते आधी गिळायला शिकावं.

मागे शेजारच्या काकांनी एका दुकानात पिवळी पानं दाखवली. एकही प्रश्न न विचारता त्यांना कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक मिळालं, तेही उधारीवर. मी रानात जाऊन पाहिलं, तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. तेही सखल पट्ट्यातच जास्त. चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचलं, की मुळांना लोह उचलता येत नाही. कीड नाही, बुरशी नाही. पाणी काढून द्यायचं, वाफसा येताच कोळपायचं, आणि लागलंच तर लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक फवारणी.

म्हणून आधी विचारा: पिवळेपणा शेंड्याला की बुडाला? सगळ्या रानात की पट्ट्यात? तणनाशक कधी मारलं? पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते, तिथे रोगट झाडं वेळीच उपटावी लागतात. फोटोवरून ठरत नसेल, तर ‘मला कळेना’ म्हणा आणि पुढचा रस्ता दाखवा: किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, नाहीतर परभणीचं कृषी विद्यापीठ. विद्यापीठ 1972 पासून इथंच आहे. पण दुकान जवळ, आणि उधारी तिथंच मिळते. पाय आधी तिकडे वळले म्हणून कुणाला बोल लावू नये.

सगळ्यात जड जातं ते ‘आत्ता काही मारू नका’ हे सांगणं. रिकाम्या हातानं परतणाऱ्याला वाटतं, यानं टाळलं. म्हणून त्याला काम द्या. आज चर काढा, नवीन पान कसं येतंय ते चार दिवसांनी कळवा. आणि चार दिवसांनी त्याचा फोन उचला. नेमकं तेच राहून जातं.

काकांनी ऐकलं. त्यांच्या भावानं मात्र त्याच बाटल्या एकत्र करून मारायच्या ठरवल्या. अशा वेळी रुसून गप्प बसू नये. 2017 साली यवतमाळात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली. औषधं एकात एक मिसळू नका, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, हातमोजे घाला, तोंड झाका, एवढं त्यालाही सांगितलं.