प्रागचा जोसेफोव्ह : भिंतीवरची नावे, चित्रांवरची नावे



इतिहास शिकवताना आपण मुलांना आकडे देतो. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आकड्यामागचा माणूस कसा दाखवायचा? चेक देशाची राजधानी प्राग इथल्या जोसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीत याचं उत्तर सापडतं.

लहान मुलांसाठी सुरुवात घड्याळापासून करा. इथल्या ज्यू टाउन हॉलवरच्या एका घड्याळात हिब्रू अंक आहेत आणि काटे उलटे फिरतात. कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात! मग जुनी दफनभूमी. ज्यूंना वस्तीबाहेर जागा मिळत नव्हती. म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून त्यावर नव्या कबरी केल्या. आज तिथे सुमारे १२,००० दगड एकमेकांना खेटून उभे आहेत. "जागा का मिळाली नसेल?" हा प्रश्न मुलांनाच विचारा.

मोठ्या मुलांना शेजारच्या पिंकास सिनेगॉगबद्दल सांगा. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं इथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. गावानुसार, कुटुंबानुसार, जन्मतारखेसह. पुढे ओलीमुळे इमारत बंद झाली, नावं गेली. १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा लिहिली.

इथेच मुलांची चित्रंही आहेत. तेरेझिनच्या छावणीत शाळेला बंदी होती. तरी फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई मुलांना चित्रकला शिकवायच्या. आपल्या चित्रावर नाव लिहायचंच, असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला नेऊन मारलं. मागे राहिली दोन सुटकेसभर, सुमारे साडेचार हजार चित्रं. बरीचशी मुलं वाचली नाहीत. पण त्या नावांमुळे कोणतं चित्र कोणाचं, हे आज सांगता येतं.

वर्गात हा पाठ घेताना आधी हजेरीपट वाचा. प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, सावकाश. मग सांगा, अशी ७८,००० नावं वाचायला किती वेळ लागेल? एका नावाला तीन सेकंद धरा. गणित मुलांनाच करू द्या. उत्तर ६५ तास येतं. न जेवता, न झोपता.

तेव्हा वर्ग आपोआप शांत होईल. लगेच पुढचा धडा काढू नका. मुलांना बोलू द्या.