तोंडाचा कर्करोग : ओळख, कारणें व उपाय

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या मंडळींतील एक बाई आपल्या मुलासह मजकडे आल्या. त्यांच्या गालाच्या आंतल्या बाजूस लहानसें क्षत पडलें होतें. तें दुखत नव्हतें, परंतु महिना लोटला तरी भरून येत नव्हतें. "उष्णतेनें झालें असेल, तूप लावा," असें मीं सांगितलें. दिवाळीनंतर त्या पुन्हां आल्या, तेव्हां त्यांच्या मानेंत गांठ आली होती. आज त्यांवर उपचार चालू आहेत. पण जें कदाचित् लहानशा शस्त्रक्रियेनें भागलें असतें, त्यापायीं त्यांना जबड्याचा एक भाग गमवावा लागला. अज्ञानानें दिलेला सल्ला प्रेमानें दिला तरी घातकच होतो. म्हणून हा पाठ लिहीत आहें.

१. हा रोग म्हणजे काय?

आपलें शरीर अतिसूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी मरतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. हें काम मर्यादेनें चालतें. पेशींच्या मूळ घडणींत बिघाड झाला म्हणजे त्या मर्यादा सोडून वाढूं लागतात, शेजारच्या भागांत शिरतात व पुढें मानेंतील ग्रंथींत पोंचतात. ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू व जिभेखालची जागा, यांपैकीं कोठेंहि हें होऊं शकतें. २०२२ सालीं भारतांत अशा सुमारें १ लाख ४३ हजार नव्या रोग्यांची भर पडली, असा अंदाज आहे.

हा रोग स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. तो कोणाची करणी नव्हे. रोग्याचें ताट निराळें मांडणें म्हणजे त्याच्या मनास दुसरी जखम करणें होय.

२. कारणें

मुख्य कारण तंबाखू. ती चुना लावून दाढेखालीं धरली काय, विडींत ओढली काय, किंवा मावा-गुटख्यांतून खाल्ली काय, परिणाम तोच. आमच्या पुष्कळ भगिनी मिश्रीला दांतांचें औषध समजतात. पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें कारण सुपारी. तंबाखू नसली म्हणजे सुपारी निर्दोष, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८५ सालीं तंबाखू घातलेला विडा व २००४ सालीं निव्वळ सुपारीहि कर्करोगकारक म्हणून जाहीर केली. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरांतल्या पानाच्या डब्यावर बंदी आपणच घातली पाहिजे.

तिसरें कारण मद्य. तंबाखूस मद्याची जोड मिळाली म्हणजे धोका कित्येक पटींनीं वाढतो. तथापि यांतलें कांहींच न घेणाऱ्यासहि हा रोग क्वचित् होतो. यास्तव रोग्याला दोष देत बसूं नये.

३. लक्षणें

(अ) दोन आठवड्यांत न भरणारें क्षत, मग तें दुखो वा न दुखो.
(आ) पुसून न जाणारा पांढरा चट्टा, किंवा लाल चट्टा. लाल चट्टा अधिक धोक्याचा.
(इ) तोंड पूर्ण न उघडणें व तिखट न सोसणें. आपल्याच हाताचीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जात नसतील, तर सावध व्हावें. ही व्याधि बहुधा सुपारीनें होते व पुढें तिचा कर्करोग होऊं शकतो.
(ई) तोंडांत वा मानेंत गांठ, कारणाशिवाय दांत हलणें, गिळतांना त्रास, जीभ बधिर होणें.

आरंभीं हा रोग बहुधा दुखत नाहीं. "दुखत नाहीं, मग कशाला जावें?" या एका वाक्यानें पुष्कळांचा घात केला आहे.

४. परीक्षा

महिन्यांतून एकदां, चूळ भरून, उजेडांत आरशासमोर ओठ, गाल, हिरड्या, टाळू व जिभेच्या दोन्ही कडा पाहाव्या. हें काम क्षुल्लक नव्हे. केरळांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत वैद्य नसलेले, परंतु नीट शिकविलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें तपाशीत असत. २००५ सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत, अशी तपासणी झाली तेथें या रोगानें होणारे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें कमी आढळले.

५. उपचार

संशय येतांच सरकारी दवाखान्यांत अथवा दंतवैद्याकडे जावें. डॉक्टर चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासावयास पाठवितात. "हत्यार लागलें कीं रोग पसरतो" ही भीति निराधार आहे. पसरतो तो विलंबानें. पुढें रोगाच्या पायरीप्रमाणें शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधें यांची योजना होते. आरंभींच सांपडल्यास बहुतेक रोगी बरे होतात. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हें कार्य करीत आहे. खर्चाच्या भीतीनें घरीं बसूं नये. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, तिची चौकशी रुग्णालयांत करावी.

६. आपलें कर्तव्य

उपदेशक बंधूंनो, तुम्ही घरोघर जातां. न भरणारें क्षत कोणीं दाखविलें, तर औषध सांगूं नका. त्याच्यासोबत दवाखान्याची वाट धरा. मीं स्वतः लग्नकार्यांत पानसुपारीचें तबक पुष्कळदां पुढें केलें आहे. आतां आमच्या घरीं त्या तबकांत बडीशेप असते, आणि कोणाहि पाहुण्याचा मान कमी झालेला नाहीं.

पाठावरील प्रश्न : (१) मिश्री व सुपारी निर्दोष कां नाहींत? (२) न दुखणारें क्षत किती दिवसांनीं दाखवावें? (३) आपल्या गांवांत कोणाचें तोंड या आठवड्यांत पाहावयास हवें?