सफरचंदाचा क्रम्बल आणि आपली चूल

अन्न, वस्त्र, निवारा या तीन गरजांत अन्नाचा क्रमांक पहिला, परंतु अभ्यासाच्या पुस्तकांत मात्र त्याला शेवटचे पान मिळते. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपण पाठ करतो. त्या काळची माणसे जेवत काय होती, हे क्वचितच विचारतो. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकात वाचलेले घरी सांगायचे आणि घरातले पुस्तकाशी ताडून पाहायचे, ही सवय मला आपोआप लागली. त्या सवयीतूनच हा लेख तयार झाला आहे.

विषय साधा आहे. सफरचंदाच्या फोडींवर ओटचा कुरकुरीत थर देऊन भाजलेला एक गोड पदार्थ इंग्रजी कथाकादंबऱ्यांत आणि आता मोबाइलवरही वारंवार भेटतो. इंग्लंडमध्ये त्याला ‘क्रम्बल’ म्हणतात, अमेरिकेत ‘क्रिस्प’. हा पदार्थ म्हणजे नेमके काय, तो कशामुळे कुरकुरीत होतो आणि जुन्नर-आंबेगावच्या चुलीवर तो होईल का, एवढेच येथे पाहायचे आहे.

टंचाईतून आलेला पदार्थ

नाव परके असले की वस्तू श्रीमंतांची असावी, असे आपल्याला वाटते. क्रम्बलच्या बाबतीत वस्तुस्थिती उलट आहे. इंग्लंडात सफरचंदाची ‘पाय’ पूर्वीपासून होत असे. तिच्यासाठी लोणी घालून पीठ मळायचे, लाटायचे, त्याचे कवच करून आत फळ भरायचे. म्हणजे पीठ जास्त, लोणी जास्त आणि हात सराईत हवा. दुसऱ्या महायुद्धात ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये लोणी व साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली आणि अन्नाचे हे नियंत्रण पूर्णपणे उठायला १९५४ साल उजाडले. या चौदा वर्षांत लोणी, पीठ आणि साखर पुरवून वापरणे गृहिणींना भाग पडले. कवच लाटण्याऐवजी थोडे लोणी पिठात चोळून तो चुरा फळावर भुरभुरणारा क्रम्बल घरोघर रुळला, तो मुख्यत्वे या काळात, असे मानले जाते.

ओटची कुळकथा

ओट हे थंड आणि ओल्या हवेतले धान्य आहे. जेथे गहू नीट पिकत नाही, अशा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात ते लोकांचे मुख्य अन्न होते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात ओटचा अर्थ देताना त्यांनी थट्टा केली आहे. इंग्लंडात जे धान्य घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. आपल्या देशातही ओट हे बहुतांशी जनावरांच्या चाऱ्याचे पीक म्हणून लावले जाते. तेच धान्य आज सुबक डब्यात भरून शहाण्या माणसांचा नाश्ता म्हणून विकले जाते.

हे वाचताना मला आमच्या पश्चिम पट्ट्यातली नाचणी आठवली. भीमाशंकरच्या, नाणेघाटाच्या बाजूला पाऊस धो धो पडतो. खाचरांत भात होतो. पण उतारावरच्या हलक्या जमिनीत नाचणी आणि वरईच तग धरतात. स्कॉटलंडात ओटचे जे स्थान, तेच आपल्या डोंगरात नाचणीचे. तिच्या वाट्याला आलेला कमीपणाही तोच. पाहुणा आला की नाचणीची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची आणि त्याला गव्हाची पोळी वाढायची, ही रीत अनेक घरांत मी पाहिली आहे. वस्तुतः १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कित्येक पट. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा नाचणीची भित्तिपत्रके लागली. मात्र भित्तिपत्रक लागल्याने भाकरीवरचे झाकण निघतेच असे नाही.

सफरचंदाचा प्रवास

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या परिसरात, आजच्या कझाकस्तानात आहे. आपल्या बाजारात येणारे सफरचंद मुख्यत्वे काश्मीर व हिमाचल प्रदेशातले असते. हिमाचलातील बागांमागे एका माणसाची कथा आहे. सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ १९०४ साली भारतात आले, सिमल्याजवळ कोटगढ येथे स्थायिक झाले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील ‘डिलिशस’ जातीची झाडे तेथे लावली. पुढे ते सत्यानंद झाले आणि असहकाराच्या चळवळीत तुरुंगातही गेले. अलीकडे बिलासपूरचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी उष्ण हवेतही फळ धरणारी एचआरएमएन-९९ ही जात तयार केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडे लावून पाहिली आहेत.

परके फळ, परका पदार्थ, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपल्या तालुक्यांना परक्या वस्तूंचे वावडे कधीच नव्हते. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेखही तेथेच आहे. सातगाव पठाराचा बटाटा आणि नारायणगावचा टोमॅटो ज्यांना अस्सल गावरान वाटतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे की ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली आहेत. येथल्या मातीत रुजले ते येथले झाले.

कुरकुरीतपणाचे शास्त्र

आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीला बेकरीच्या भट्टीवर पीठ, तूप, साखर देऊन नानकटाई भाजून आणतात. त्या नानकटाईचे पीठ गोळे न वळता तसेच फळावर भुरभुरले की क्रम्बलचा थर झाला. तूप पिठाच्या कणाकणाला चिकटते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि गव्हातला ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होत नाही. साखर उष्णतेने वितळते आणि थंड झाल्यावर कडक होते. पिठाचा रंग बदलून खमंगपणा येतो. तुपाऐवजी लोणी घेतले तर त्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असते, हे ध्यानात ठेवावे. तुपाने थर अधिक रवाळ होतो.

ओटची दाण्यावर वाफ देऊन, ती रुळाखाली चपटी करून पाती करतात. भात भिजवून, भाजून, चपटा केला की पोहे होतात. म्हणजे पोहे हे तांदळाचे ओटच म्हणायचे. ओट नसतील तर जाड पोहे कोरडे भाजून, हाताने चुरून घातले तरी थराला तोच चावरेपणा येतो.

या पदार्थाचा खरा शत्रू वाफ आहे. फळातून पाणी सुटते, त्याची वाफ वर जाते. झाकण गार असेल तर ती तेथे थंड होऊन थेंब थेंब खाली पडते आणि वरचा थर लगदा होतो. ओव्हनमध्ये वरूनही उष्णता मिळते, म्हणून हा प्रश्न येत नाही. मग ओव्हन नसेल तर काय करायचे?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी चुलीपाशी मिळाले. आमच्याकडे भात शिजत आला की आई झाकणावर दोन-चार निखारे ठेवते. मी तिला हे का म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “झाकण तापलं की त्याला घाम येत नाही, भात मोकळा राहतो.” झाकणाचे तापमान १०० अंशांच्या वर राहिले तर वाफेचे पाणी होत नाही, हे विज्ञानाच्या भाषेतले वाक्य आणि आईचे वाक्य यांत अर्थाचा फरक नाही. आई शाळेत गेलेली नाही.

हे ज्ञान काही एका घराचे नाही. कोकणात काकडी, गूळ व तांदळाच्या रव्याचे धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात. सीकेपी घरांतले निनाव असेच होते. गोव्यातील बिबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजण्याची रीत आहे. ओव्हन घरात येण्यापूर्वीच भाजण्याची विद्या आपल्याकडे होती.

कृती

पाच-सहा माणसांसाठी साहित्य पुढीलप्रमाणे घ्यावे. वाटी म्हणजे आमटीची, सुमारे १५० मिलिलिटरची.

फळासाठी: मध्यम सफरचंदे ४ (सुमारे ६०० ग्रॅम), चिरलेला गूळ पाव वाटी, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनीची किंवा जायफळाची पूड.

थरासाठी: नाचणीचे पीठ अर्धी वाटी, कणीक अर्धी वाटी, ओट किंवा भाजलेले जाड पोहे १ वाटी, साखर अर्धी वाटी, थिजलेले तूप सुमारे ६० ग्रॅम (अर्धी वाटी अगदी शिगेला न भरता), शेंगदाण्याचे भरड कूट २ चमचे.

१. नाचणीचे पीठ मंद आचेवर कोरडेच भाजावे म्हणजे कच्चा वास जातो. ते पूर्ण गार होऊ द्यावे. गरम पिठात तूप वितळते.

२. सफरचंदाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात. त्यांना लगेच लिंबाचा रस लावावा म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. आपल्या बाजारातली सफरचंदे गोड असतात, त्यांना या आंबटपणाची गरजही असते. नंतर गूळ, मीठ व पूड मिसळावी. गूळ फळातच घालावा. तो ओल धरून ठेवतो, म्हणून वरच्या थरात साखर बरी.

३. नाचणी, कणीक व साखर एकत्र करून त्यात तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. मळू नये. हरभऱ्याएवढ्या गुठळ्या दिसू लागल्या की ओट किंवा पोहे आणि कूट मिसळावे. सगळी नाचणीच घेतली तर थर वाळूसारखा सुटतो, म्हणून निम्मी कणीक.

४. पसरट ॲल्युमिनियमच्या भांड्यात फोडी घालून वर थर भुरभुरावा. दाबू नये, वाफेला वाट हवी.

५. ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटे भाजावे. चुलीवर करायचे तर जाड बुडाच्या मोठ्या टोपात दोन बोटे वाळू घालून तो दहा मिनिटे तापवावा, वाळूवर अडणी आणि तीवर भांडे ठेवावे. टोपावर काठाची परात झाकून तिच्यावर निखारे पसरावेत. वर दोन वाटे आणि खाली एक वाटा, असे विस्तवाचे प्रमाण असावे. मध्ये एकदा निखारे बदलावे लागतात. पाऊण तासात कडेने रस उकळताना दिसतो आणि वरचा थर बदामी होतो.

६. गॅसवर करायचे असेल तर झाकण तापत नाही. तेव्हा फळ वेगळे शिजवावे, थर कढईत मंद आचेवर खमंग परतून गार करावा आणि वाढताना वर घालावा.

निखारे बंद खोलीत ठेवू नयेत; त्यांचा वायू जिवावर बेतू शकतो. पदार्थ उतरवल्यावर पंधरा मिनिटे तसाच ठेवावा, कारण थर गार होतानाच कडक होतो. सोबत दूध किंवा घट्ट सायीचे दही घ्यावे. सफरचंद महाग असेल त्या दिवसांत पेरू किंवा घट्ट चिकू घेऊनही हाच पदार्थ करता येतो.

समारोप

युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गृहिणीने जे हाताशी होते त्यावर भागवले आणि तिच्या देशाने तो पदार्थ अभिमानाने सांभाळला. स्कॉटलंडच्या धान्याची थट्टा झाली, तरी तेथील लोकांनी ते टाकले नाही. आपल्या डोंगरात नाचणी-वरई करणारी शेतकरी घरे दरवर्षी विचार करतात, की हे पीक घ्यावे की सोडावे. खायला कोणी मागत नसेल तर उतारावर वाकून रोपे लावण्यात अर्थ कोणता, असे त्यांना वाटले तर नवल नाही. ज्यांची मुले कॉलेजात शिकतात त्या घरांत तर हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण शिकलेल्या मुलाला ती भाकरी नकोशी होईल, अशी भीती आईबापांच्या मनात असते.

वाचक मित्रमैत्रिणींनो, एक पदार्थ करून हा प्रश्न सुटेल असा माझा दावा नाही. परंतु शिकल्यामुळे आपल्याला दूरची वस्तू कळते, तशी जवळची वस्तूही अधिक कळायला हवी. येत्या सुट्टीत हा पदार्थ घरी जरूर करून पाहा. ओट मिळाले नाहीत म्हणून अडू नका. आणि निखारे केव्हा बदलायचे हे पुस्तकात न शोधता घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला