वीज : ए.सी. आणि डी.सी. यांचा झगडा

शिवाजी पेठेतल्या गल्लीत बटण दाबले की दिवा लागतो. ही वीज कोयनेसारख्या दूरच्या केंद्रातून येते, हे आपण जाणतो. पण ती कोणत्या रूपात यावी, यावरून एके काळी मोठा झगडा झाला होता. आम्ही कलाशाखेचे, बँकेत आकडेमोड करणारे. तरी हा विषय सर्वांनी समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

विजेचे दोन प्रकार आहेत. बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते, ती डी.सी. म्हणजे दिष्ट प्रवाह. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते; ती ए.सी. म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह.

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये ११० व्होल्ट डी.सी.चे वीजकेंद्र सुरू केले. पण कमी दाबाची ही वीज दीड-दोन किलोमीटरपलीकडे नेणे परवडत नसे. तारा तापून ती वाया जाई. दाब दहापट वाढवला तर तेवढ्याच विजेसाठी प्रवाह एक दशांश लागतो आणि तारेतील नुकसान शंभरावा हिस्सा उरते. दाब असा चढवण्या-उतरवण्याचे काम रोहित्र करते, आणि रोहित्र चालते ते ए.सी.वरच. आपल्या रस्त्याकडेला उभे असते तेच हे यंत्र.

म्हणून वेस्टिंगहाउसने ए.सी.चा पुरस्कार केला व टेस्लाच्या मोटारीचे हक्क घेतले. एडिसनचा पैसा डी.सी.त गुंतला होता. ए.सी. जीवघेणी आहे हे ठसवण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. १८९० साली न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड दिला गेला, तोही ए.सी.ने. उच्च दाबाची भीती खोटी नव्हती; पण तिचा वापर प्रतिस्पर्ध्याला बदनाम करण्यासाठी झाला. अखेर १८९६ साली नायगाराची ए.सी. वीज सुमारे ३५ किलोमीटरवरील बफेलो शहरात पोहोचली आणि प्रश्न बहुतांशी निकालात निघाला.

आपल्या महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह एकत्र नांदले. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना ए.सी. वीज मिळू लागली. मात्र ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डी.सी.वर. कारण डी.सी. मोटार जड गाडीला सुरुवातीलाच जोराचा रेटा देते व तिचा वेग आवरणे त्या काळी सोपे होते. पुढे तंत्र सुधारले आणि मुंबईच्या लोकल २५,००० व्होल्ट ए.सी.वर आल्या : पश्चिम रेल्वेच्या २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये व हार्बरच्या २०१६ मध्ये.

म्हणजे डी.सी. हरली काय? नाही. १९९९ साली चंद्रपूर ते भिवंडीजवळील पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. तिच्यातून ५,००,००० व्होल्ट दाबाची डी.सी. वीज वाहते. इतक्या लांब अंतरावर डी.सी.ला तारा कमी लागतात व नुकसानही कमी होते. सौरपट्टी, मोबाईल, एल.ई.डी. दिवा हे सारे मुळात डी.सी.चेच.

यातून बोध काय? कमी दाबाच्या डी.सी.चा उजेड केंद्राशेजारच्या वस्तीपुरता होता. रोहित्रामुळे तो दूरवरच्या खेड्यात जाऊ शकला. जाऊ शकणे आणि प्रत्यक्ष जाणे यांत मात्र फरक आहे. तो धोरणाने मिटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य होते व विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. स्वस्त व मुबलक विजेवाचून देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी १९४३ सालीच मांडले होते. तेव्हा विद्यार्थ्यांनी कोणतेही नवे तंत्र पाहताना ते कसे चालते हे तर विचारावेच. पण ते कोणाच्या घरापर्यंत पोहोचते आणि त्याची स्तुती वा निंदा करणाऱ्याचा त्यात हितसंबंध काय, हेही विचारावे. एवढी सवय लागली तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.