मॅडम, हे नॉर्मल आहे का?

पुण्यातला धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वडगाव हा सगळा पट्टा मुलांचा आहे. लातूर, बीड, जळगाव, सोलापूरहून आलेली, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं. कॉट बेसिसवर राहतात, नाहीतर चौघं मिळून एक फ्लॅट घेतात. मी इथे समुपदेशक म्हणून काम करते. मुलं येतात ती झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष नाही, अशी कारणं घेऊन. खरा विषय निघतो तो उठताना, दाराशी गेल्यावर. तो बहुतेकदा लैंगिकतेचा असतो. या कामात जे उमगलं, ते लिहिते आहे.

१. 'सगळंच चालतं' म्हणजे समज आली असं नाही.

हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून विल्यम पेरी यांनी १९७० साली एक मांडणी केली. कॉलेजात येणाऱ्या मुलाला आधी प्रत्येक गोष्टीचं एकच बरोबर उत्तर हवं असतं. मग त्याला वाटू लागतं की ज्याचं त्याचं मत, सगळी सारखीच. त्यानंतर कधीतरी तो स्वतःची बाजू निवडतो, तिची कारणं देतो आणि तिची जबाबदारी घेतो. शरीराच्या बाबतीत हाच प्रवास मी इथे रोज बघते. एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणतो, "लग्नाआधी बरोबर की चूक, एका शब्दात सांगा." दोन वर्षांनी तोच म्हणतो, "त्यात काय, हल्ली सगळे करतात."

मला काळजी वाटते ती या मधल्या टप्प्याची, कारण तो वरवर फार प्रौढ दिसतो. एक मुलगी आली होती, एकवीस वर्षांची. मित्र तिच्याकडे खासगी फोटो मागत होता. रूममेट म्हणत होत्या, एवढं काय, विश्वास नाही का तुझा? तिला फोटो पाठवायचे नव्हते, पण 'नको' म्हणायला कारण सापडत नव्हतं. चूक आहे म्हणावं तर आपण गावंढळ ठरू, ही भीती. मी तिला फक्त विचारत गेले: पाठवल्यावर तुला कसं वाटेल? नाही पाठवले तर तो काय करेल? तो जे करेल, त्यावरून तुला त्याच्याबद्दल काय कळेल? बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला नकोय, एवढं कारण पुरे ना?" पुरे. हे तिने स्वतः शोधलं, म्हणून ते टिकलं. मी उपदेश केला असता, तर पायऱ्या उतरेपर्यंत विरला असता.

२. निर्णय आधी घ्यायचा असतो.

पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून दुपारी माझ्यासमोर बसून निरोधाबद्दल अचूक बोलणारा मुलगा रात्री साफ वेगळा वागू शकतो. तो बेअक्कल नसतो. निवांतपणी त्याची बुद्धी पूर्ण चालते, भर आवेगात तिचा आवाज पोचत नाही. भोवती मित्र असले की आणखी कठीण. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मुलांनी एकट्यापेक्षा मित्रांसमोर जास्त धोका पत्करला. चौघांच्या फ्लॅटमध्ये 'तुझं कुठवर आलं?' हा प्रश्न तेच काम करतो. म्हणून मी मुलांना आधीच, शांत डोक्याने दोन गोष्टी ठरवायला सांगते: समोरच्याने नको म्हटलं तर मी काय करीन, आणि निरोध नसेल तर काय करीन.

३. भीती जुनीच आहे.

वीर्य गेलं की ताकद जाते, या समजाने खचलेली मुलं आजही येतात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या आजाराला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. त्याच्याही कितीतरी आधी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हे गैरसमज खोडत होते, १९२७ पासून थेट १९५३ मध्ये जग सोडेपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. ज्या महाराष्ट्रात हे घडलं, तिथेच २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी आली. मग एकोणिसाव्या वर्षी मुलगा मोबाईलवरच्या चित्रफितींतून आलेली माहिती घेऊन पुण्यात उतरतो, यात नवल नाही.

४. सोसायटीच्या नियमांनी संबंध थांबत नाहीत, सांगणं थांबतं.

'बॅचलरना फ्लॅट नाही', 'मुलांनी मुली आणायच्या नाहीत' या पाट्यांनी एवढंच होतं की काही बिघडलं तर मूल कुणाला सांगत नाही. आणि इथे उशीर महागात पडतो. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. तिने संसर्ग टळत नाही. दिवस गेलेच, तर अठरा पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. आईवडिलांची सही लागत नाही, आणि डॉक्टरांनी नाव गुप्त ठेवायचं असतं. अविवाहित मुलींनाही कायद्याच्या अटींत २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. भोंदू डॉक्टरकडे जायची गरज नाही.

कायद्याची दुसरी बाजूही मुलांना ठाऊक नसते. पोक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी एफवायच्या एकाच वर्गात असतात. हे त्यांना कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

५. स्वतःची ओळख पटायला वेळ लागतो, तो द्यावा.

'मला मुलगेच आवडतात, मी बरा होईन का?' असं मुलगा विचारतो, तेव्हा मी सांगते की हा आजार नाही. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांमधले संमतीचे असे संबंध हा गुन्हाही नाही. हा कल बदलण्याचे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी २०२२ पासून गैरवर्तन ठरलं आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीतून मोठं काम केलं. अवघड होतं ते पुढे, घरी स्थळं बघायला लागल्यावर. घरच्या समाधानासाठी एखाद्या मुलीशी लग्न करू नकोस, एवढं मात्र मी ठामपणे सांगते.

६. इथली मुलं पैशाने लवकर मोठी होतात, निर्णयाने उशिरा.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ हा आयुष्याचा वेगळा टप्पा मानला: शोधाचा, अनिश्चिततेचा. इथे बावीस वर्षांचा मुलगा पगारातून बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडतो, आणि कुणावर प्रेम आहे हे घरी सांगायला मात्र घाबरतो.

आईबाबांनो, रोज रात्री फोनवर 'जेवलास का?' विचारता, ते विचारतच राहा. पण एकदा, सगळं ठीक असताना, हेही सांगून ठेवा: "काही झालं, कसलंही झालं, तर पहिला फोन मला कर. आधी ऐकून घेईन." आणि खरंच आधी ऐकून घ्या.