भोपाळचा इशारा

मुलांनो, मध्य प्रदेशातील भोपाळ शहरात युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. १९८१ च्या डिसेंबरात तेथे फॉस्जीन ह्या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला. राजकुमार केसवानी ह्या तरुण पत्रकाराने त्या वायूचा अभ्यास केला. तो हवेहून जड. म्हणजे सुटला तर वर न जाता जमिनीलगत पसरणार. आणि कारखान्याच्या भिंतीपाशीच गोरगरिबांची वस्ती होती! १९८२ मध्ये केसवानींनी ‘रपट’ ह्या आपल्या लहानशा साप्ताहिकात लेखामागून लेख लिहून शहराला सावध केले. विधानसभेतही प्रश्न निघाला. भीतीचे कारण नाही, असे मंत्र्यांनी उत्तर दिले. पण मंत्र्यांच्या उत्तराने वायूचे वजन थोडेच बदलते!

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. रसायन तापत गेले आणि सुमारे ४० टन विषारी वायू निजलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

पुढे १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना देणे, हे तेव्हापासून कारखानदाराचे कर्तव्य ठरले.